जुन्या गाडीतील विजेचे दोष : सुटा भाग बदलण्याआधी काय मोजावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन महिन्यांपूर्वी आपण २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी एक लहान गाडी वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ फिरत नाही, नुसता टकटक आवाज येतो. रात्री सिग्नलला थांबल्यावर हेडलाइट मंदावतात आणि इंडिकेटर लावला की डॅशबोर्डवरचे दिवेही त्याच्याबरोबर लुकलुकतात. चालकाच्या बाजूची काच अर्ध्यावर अडकते. इंजिनाचा पिवळा दिवा मधूनच लागतो आणि आपोआप जातो. एका मिस्त्रींनी बॅटरी बदलली, आठवड्याभरात पुन्हा तेच सुरू झाले. दुसऱ्यांनी डायनमो (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे यंत्र) बदलायला सांगितला आहे आणि तिसऱ्यांच्या मते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, गेला आहे. ईसीएम बदलावा की गाडीच विकून टाकावी, असे आपण विचारता.

माझ्या मते आत्ता या दोन्हींपैकी काहीच करू नये. आपल्याला तिन्ही ठिकाणी कोणता भाग बदलायचा ते सांगण्यात आले. पण मीटर लावून कोणी काही मोजल्याचा उल्लेख आपल्या लिहिण्यात कुठेही नाही. चार तक्रारी दिसतात म्हणून चार भाग बिघडले असतील असे नाही. अकरा-बारा वर्षांच्या गाडीत एकदम इतक्या तक्रारी येतात तेव्हा मुळाशी बहुतेकदा एक-दोनच कारणे असतात, आणि ती गाडीच्या मूळ भागांपेक्षा गंजलेल्या अर्थिंगमध्ये (वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडांमध्ये) किंवा आधीच्या मालकाने नंतर बसवून घेतलेल्या वस्तूंच्या जोडांमध्ये सापडतात. नव्या मालकाची खरी अडचण अशी असते की गाडीत कोणी, केव्हा, कुठे हात घातला आहे याची त्याला काहीच माहिती नसते.

म्हणून पहिल्यांदा तक्रारींची वाटणी करू. गाडी उभी असताना बॅटरी उतरणे हा एक प्रश्न आहे. गाडी चालू असताना दिवे मंदावणे आणि एकमेकांबरोबर लुकलुकणे हा दुसरा. पिवळा दिवा स्वतंत्र दोष असू शकतो; पण पहिल्या दोन्हींचा तो परिणामही असू शकतो, म्हणून त्याचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. काच अडकण्याचा या बाकीच्यांशी बहुधा संबंधच नसावा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. आपण रोज किती अंतर चालवता हे लिहिलेले नाही. घरापासून कचेरीपर्यंत तीन-चार किलोमीटर, त्यात एसी, दिवे आणि वायपर चालू, असा वापर असेल तर सेल्फ मारताना खर्च झालेली वीज बॅटरीत पुरती परत जात नाही, आणि गाडीत कोणताही दोष नसताना बॅटरी हळूहळू उतरत जाते. गाडी किनारपट्टीवर वापरली गेली आहे का, तिला नंतर सीएनजी किट बसवले आहे का, ती कधी पाण्यात बुडाली आहे का, यांवरही पुढचे पुष्कळसे ठरेल. शिवाय अगदी अलीकडच्या काही गाड्यांमध्ये चार्जिंगचे व्होल्टेज संगणक गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, तिथे मी खाली देतो ते आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्या गाडीच्या वयाकडे पाहता ते लागू पडावेत.

लागणारी साधने फार नाहीत. पाचशे ते हजार रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प, दहा-अकराचा पाना, सँडपेपर आणि टॉर्च एवढ्यावर बहुतेक निदान होते. मीटर हाती घेण्यापूर्वी काही पथ्ये मात्र पाळावीत. बॅटरीची वायर काढताना नेहमी निगेटिव्ह आधी काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर निगेटिव्ह जोडलेली असताना थेट शॉर्ट होतो. एअरबॅगच्या वायरिंगला, जे बहुधा पिवळ्या आवरणात असते, मीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नये. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘गाडी बंद पडली नाही म्हणजे डायनमो ठीक’ असे दाखवणारे मिस्त्री अजूनही भेटतात, त्यांना ते करू देऊ नये. बॅटरी अचानक सुटली की डायनमोचे व्होल्टेज क्षणभरासाठी कित्येक पटींनी उसळते आणि त्यात धडधाकट ईसीएम खरोखरच जाऊ शकतो.

आता बॅटरीकडे येऊ. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, कशालाही हात लावण्यापूर्वी, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. १२.६ किंवा त्याहून थोडे अधिक आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. यानंतर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी मीटरकडे पाहावे. आकडा १० च्या आसपास टिकला तर ठीक, ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढत आहे. इंजिन चालू झाल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. मग हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावून, गाडी न्यूट्रलमध्ये नुसती उभी ठेवून पुन्हा मोजावे. १३.२-१३.५ च्या वर राहिला तर डायनमो आपले काम करतो आहे, आणि तो बदलण्याचा सल्ला तूर्त बाजूला ठेवायला हरकत नाही. खाली आला आणि रेस वाढवल्यावर सुधारला, तर डायनमो उघडण्याआधी त्याचा पट्टा सैल किंवा गुळगुळीत झाला आहे का ते पाहावे.

नव्या बॅटरीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. शिशाची बॅटरी पूर्ण उतरणे हे तिच्या प्रकृतीला फार वाईट असते. आपली नवी बॅटरी या दोन महिन्यांत वारंवार तळापर्यंत गेली असेल, तर मूळ दोष सापडल्यानंतरही ती अशक्तच राहू शकते. म्हणून पुढची मोजमापे करण्याआधी ती बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरून घ्यावी. गाडी अर्धा तास फिरवून आणल्याने ती भरत नाही.

उभ्या गाडीत बॅटरी कोण खाते, हा यापुढचा प्रश्न. गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉक, ईसीएमची स्मृती यांसाठी थोडा प्रवाह लागतोच. साधारण २० ते ५० मिलिअँपिअर हे सर्वसामान्य मानले जाते. आपल्या गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आहे असे धरू. ४० मिलिअँपिअरने दिवसाला जेमतेम १ अँपिअर-तास जातो, म्हणजे गाडी दोन आठवडे उभी राहिली तरी सेल्फ फिरायला हवा. याउलट डिकीतला ५ वॉटचा दिवा झाकण लावल्यावरही तसाच जळत राहिला, तर तो सुमारे ०.४ अँपिअर ओढतो. दिवसाला १० आणि तीन दिवसांत जवळजवळ ३० अँपिअर-तास. आपली तक्रार दोन-तीन दिवसांची आहे, म्हणजे आपण शोधतो आहोत तो चोर याच मापाचा आहे. तो डिकीतला दिवाच असेल असे मी म्हणत नाही. परंतु डिकीत मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून झाकण लावून पाहणे फुकट आहे, तेव्हा ते आधी करावे.

मोजण्याची पद्धत अशी. किल्ली काढून घ्यावी, बॉनेट उघडे ठेवावे आणि दरवाजा उघडा ठेवावा लागणार असेल तर त्याचे लॅच स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद स्थितीत आणावे, म्हणजे गाडीला दरवाजा लागला असे वाटते. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रात लावून, मीटर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि तिथून काढलेली वायर यांच्यामध्ये जोडावा. असा जोडलेला असताना चुकूनही इग्निशन चालू करू नये किंवा सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज तत्काळ जाईल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, त्यावरून घाबरू नये. गाडीतले वेगवेगळे नियंत्रक (छोटे संगणक) झोपी जायला दहा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ घेतात. घाईत मोजून ‘एक अँपिअर लीकेज आहे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हा पाऊण तास थांबण्याचा आग्रह मी सोडत नाही.

त्यानंतरही आकडा १०० मिलिअँपिअरच्या वर राहिला तर नेहमीची रीत म्हणजे एकेक फ्यूज काढत जाणे. मी ती शक्यतो टाळतो, कारण फ्यूज काढून पुन्हा बसवला की झोपलेला नियंत्रक जागा होतो आणि पुन्हा थांबत बसावे लागते. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर ठेवून, बसवलेल्या फ्यूजच्या माथ्यावर जी दोन उघडी धातूची टोके दिसतात त्यांवर टेकवावा. फ्यूजमधून प्रवाह वाहत नसेल तर शून्य दिसते. वाहत असेल तर फ्यूजच्या अल्प रोधामुळे मिलिव्होल्टच्या अंशाइतका का होईना, आकडा उमटतो. ज्या फ्यूजवर आकडा उमटला त्याच्या पुढचे सर्किट तपासायचे. एकाही फ्यूजवर काहीच नसेल आणि तरी प्रवाह जात असेल, तर संशय फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरींवर आणि डायनमोवर येतो. डायनमोतला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असेल तर तो उभ्या गाडीत उलटा प्रवाह ओढतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा डायनमो सकाळी हाताला किंचित कोमट लागला, तर यापेक्षा स्पष्ट खूण दुसरी नाही.

थेट घेतलेल्या वायरींबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण वापरलेल्या गाडीत माझी पहिली नजर तिथेच जाते. नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक आणि सायरन, जीपीएस ट्रॅकर, फॉगलाइट, पायाजवळची निळी एलईडी पट्टी. यांतले बरेचसे गाडीच्या दुकानासमोर उभ्याउभ्या, अर्ध्या तासात बसवले जाते. म्युझिक सिस्टीमच्या मागे पिवळी वायर कायमच्या पुरवठ्याची आणि लाल वायर किल्लीवर चालणाऱ्या पुरवठ्याची असते. बसवणाऱ्याला किल्लीवरचा पुरवठा पटकन सापडला नाही तर तो दोन्ही एकत्र पिळून कायमच्या पुरवठ्यावर देतो. गाणी वाजतात, गिऱ्हाईक खूश होते, आणि तो सेट रात्रंदिवस अर्धवट जागा राहतो. आपल्या सेटचा पडदा किल्ली काढल्यावर पूर्ण विझतो का, एवढे आज रात्री पाहावे. ट्रॅकर विशेष तपासावा. आधीच्या मालकाने बसवलेला आणि आता कोणीच वापरत नसलेला ट्रॅकर नेटवर्क शोधत बॅटरीवर जगत असतो, शिवाय आपली गाडी कुठे आहे ते दुसऱ्या कोणाला तरी कळत असते.

काही काळापूर्वी याच प्रकारची एक गाडी माझ्याकडे आली होती. डॅशबोर्डच्या खालचे झाकण काढले तेव्हा हार्नेसमधल्या, म्हणजे वायरींच्या मूळ जुडग्यातल्या, एका जाड वायरचे आवरण ब्लेडने सोललेले आणि तिच्यावर तीन बारीक वायरी नुसत्या गुंडाळलेल्या दिसल्या. वरची काळी टेप उन्हाळ्यात तापून चिकट झाली होती आणि जोडावरून बोटभर खाली घसरली होती. उघड्या तांब्यावर हिरवट भुकटी होती, आणि त्यातली एक वायर पुढे कुठेच जात नव्हती. तिचे दुसरे टोक गालिच्याखाली, काढून नेलेल्या कोणत्या तरी उपकरणाच्या जागी, तसेच मोकळे पडले होते. पावसाळ्यात गालिचा भिजला की त्या टोकातून बॉडीकडे प्रवाह वाहू लागे, आणि ऊन पडले की तक्रार नाहीशी होई. अशा गाडीत बॅटरी कितीही वेळा बदलली तरी काय होणार?

तेव्हा नंतर जोडलेले जे जे सापडेल ते तात्पुरते सोडवून ठेवावे, तोडू नये, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावावी आणि गाडी त्या स्थितीत आठवडाभर वापरावी. सीएनजी किट मात्र स्वतः सोडवू नये. ते इंजेक्टरच्या वायरींमध्ये गुंतलेले असते, त्याचा फ्यूज आणि अर्थिंग किट बसवणाऱ्याकडूनच तपासून घ्यावे.

आता दुसरी तक्रार, दिवे मंदावण्याची आणि लुकलुकण्याची. हिचे कारण समजले की गाडीतले निम्मे विद्युत दोष समजतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. गाडीत प्रत्येक उपकरणाला पॉझिटिव्ह वायर वेगळी असली तरी परतीचा रस्ता म्हणजे गाडीची बॉडीच असते. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड वायर बॉडीला आणि एक इंजिनाला जाते, आणि निरनिराळ्या दिव्यांच्या अर्थवायरी ठिकठिकाणी एका बोल्टाखाली एकत्र आणलेल्या असतात. त्या बोल्टाखाली रंग, गंज किंवा माती शिरली की रोध वाढतो. तो वाढून वाढून ०.१ ओहम झाला असे समजा. घड्याळाच्या किंवा खिडकीच्या बटणातल्या दिव्याच्या प्रवाहाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण ५५ वॉटचे दोन हेडलाइट मिळून सुमारे ९ अँपिअर ओढतात, तेव्हा त्याच रोधावर ०.९ व्होल्ट वाया जातो. सेल्फला तर शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात. त्याच्या वाटेत याच्या दहाव्या हिश्शाइतका रोध आला तरी एक-दीड व्होल्ट जागीच जिरतो आणि नुसता टकटक आवाज ऐकू येतो. हॅलोजन दिव्याचे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो, म्हणून डोळ्याला तो दोष लगेच जाणवतो.

आणि इंडिकेटरबरोबर डॅशबोर्ड का लुकलुकतो? एका बोल्टाखालच्या सगळ्या दिव्यांना परतीचा रस्ता नीट मिळत नसला की इंडिकेटरचा प्रवाह वाहताना त्या सामायिक बिंदूचे व्होल्टेज वर चढते, आणि त्याच बिंदूवर अवलंबून असलेले बाकीचे दिवे त्या क्षणी मंद होतात. कधी प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या फिलामेंटमधून उलट्या वाटेने घरी जाऊ पाहतो, आणि ब्रेक दाबल्यावर पार्किंगचे दिवे मिणमिणतात. दोन असंबद्ध गोष्टी एकमेकींबरोबर हलू लागल्या की माझा पहिला संशय अर्थिंगवर असतो, आणि आपल्या वर्णनात नेमके तेच आहे.

हा दोष पकडताना साधा मीटर फसवतो, हे ध्यानात ठेवावे. दिवा काढून त्याच्या कपलरमध्ये (दिव्याला वायरी जोडणाऱ्या सॉकेटमध्ये) मीटर टेकवला तर गंजलेल्या जोडातूनही १२.५ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. ‘करंट तर येतोय’ असे म्हणून लोक पुढे जातात ते इथे. तपासणी नेहमी ओझे, म्हणजे दिवा किंवा सेल्फ, चालू ठेवूनच करावी. हेडलाइट लावून, मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरे हेडलाइटच्या कपलरमधल्या अर्थवायरीवर, कपलर न काढता मागच्या बाजूने टेकवावे. आदर्श आकडा शून्य, ०.२ पर्यंत चालते. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर तो रस्ता खराब आहे. तसेच बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि हेडलाइटची पॉझिटिव्ह वायर यांच्यामध्ये मोजावे. मग सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह आणि इंजिनाचा उघडा, स्वच्छ धातू यांच्यामध्ये मोजावे, तिथे ०.३ च्या वर गेले तर इंजिनाची अर्थपट्टी काढून घासावी किंवा बदलावी. टर्मिनलवर टेकवताना मीटरचे टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर ठेवावे, वरच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) ठेवू नये; कित्येकदा दोष खुंट आणि थिंबल यांच्यामध्येच असतो, आणि थिंबलवर मोजले तर तो मापातून निसटतो.

कोकणपट्टीवरच्या गाड्यांत हे काम मला सतत करावे लागते. अर्थबोल्ट वरून साबूत दिसतो, पण तो सोडवला की थिंबलच्या खालच्या बाजूला तपकिरी पापुद्रा निघतो. दोन्ही पृष्ठभाग सँडपेपरने चकचकीत करावेत, बोल्ट घट्ट आवळावा आणि जोड पूर्ण झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. नवी अर्थवायर टाकायची असल्यास ती बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाला, मूळ वायरीइतक्याच जाडीची टाकावी. या सगळ्याचा खर्च डायनमोच्या किमतीपुढे नगण्य आहे.

हेडलाइटच्या बाबतीत आणखी एक पाहावे. मूळच्या ६०/५५ वॉटऐवजी कोणी ९०/१०० वॉटचे बल्ब बसवले आहेत का? १०० वॉटचे दोन बल्ब सोळा-सतरा अँपिअर ओढतात, म्हणजे मूळच्या दुपटीच्या जवळ. वेगळा रिले (मोठा प्रवाह स्वतः वाहून नेणारा स्विच) न घालता ते लावले असतील तर कपलरचे प्लास्टिक पिवळे पडून वितळलेले दिसेल आणि स्टिअरिंगवरचा कॉम्बिनेशन स्विचही आतून जळत असेल. फ्यूजही मूळ क्षमतेचाच आहे ना, तेही तपासावे. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा असतो. झाकणावरच्या तक्त्यात १५ लिहिलेले असून तिथे हिरवा दिसला, किंवा फ्यूजच्या जागी वायरीचा तुकडा दिसला, तर कोणी तरी शॉर्ट न शोधता तो दाबून टाकला आहे असे समजावे. अशी वायर तापून पेट घेऊ शकते, म्हणून ही एक गोष्ट आजच दुरुस्त करावी. बाकीच्या थांबू शकतात.

काचेचे मी थोडक्यात आटोपतो. बटण दाबताना डॅशबोर्डवरचे दिवे मंद न होता फक्त काचच संथ होत असेल, तर दोन्ही बाजूंच्या रबरी खाचांत साचलेली धूळ आणि सुकलेले रबर यांमुळे मोटरवर ताण येऊन तिचा आतला कटआउट (ताण वाढल्यावर पुरवठा तोडणारा भाग) पडत असतो. खाचा ओल्या फडक्याने स्वच्छ करून सिलिकॉन स्प्रे मारल्यावर बऱ्याच काचा सुधारतात. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्यावर धूळ आणखी बसते. दरवाजा थोडा उघडल्यावर काच चालते आणि मिटल्यावर चालत नाही, असे असेल तर बिजागराजवळच्या रबरी नळीत वायर तुटली आहे. उघडझाप होऊन तिथल्या वायरी आवरणाच्या आतून तुटतात.

पिवळ्या दिव्यासाठी स्कॅनर लावावा. आपल्याकडे चारचाकींना ओबीडीचा (गाडीने आपले दोष कोडच्या रूपात नोंदवण्याच्या व्यवस्थेचा) दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला, त्यामुळे २०१४ च्या गाडीत साधा स्कॅनरही कोड वाचू शकतो. आलेले सगळे कोड कागदावर लिहून ठेवावेत आणि मगच पुसावेत. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी असल्याची नोंद. ती असेल तर बाकीचे पुष्कळसे कोड तिच्याच मागोमाग आलेले असू शकतात. सेल्फ मारताना व्होल्टेज ८-९ पर्यंत घसरले की निरनिराळे नियंत्रक गोंधळून आपापल्या नोंदी करतात, आणि त्या यादीकडे पाहून ‘ईसीएम गेला’ हे निदान सहज केले जाते. बॅटरी, अर्थिंग आणि जादा जोडण्या निस्तरल्यानंतर जो कोड पुन्हा येईल, तोच खरा समजून त्याच्या मागे लागावे. ईसीएम बदलण्याचा विचार त्यानंतर, आणि तोही त्याच्या पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांवर, इंजिन चालू असताना, व्होल्टेज पूर्ण मिळते आहे हे कोणी दाखवून दिल्यावरच करावा. जुन्या बाजारातून आणलेला ईसीएम बहुतेक गाड्यांमध्ये चावीच्या इमोबिलायझरशी (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेशी) जुळवून घ्यावा लागतो. नुसता बसवून इंजिन सुरू होत नाही.

गाडी विकावी का, या आपल्या प्रश्नाला एकाच परिस्थितीत मी ‘होय’ म्हणेन, आणि ती म्हणजे गाडी पुरात बुडालेली असणे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. धुऊन-पुसून, नवे सीटकव्हर घालून अशी गाडी बाजारात दिसायला व्यवस्थित असते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर पाण्याची आडवी रेघ आहे का ते पाहावे. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आहेत का, गालिच्याखाली आणि डॅशबोर्डच्या आतल्या कोपऱ्यांत बारीक गाळ आहे का, हेही पाहावे. निर्णायक चाचणी वायरीची आहे. गालिच्याखालून जाणाऱ्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या वायरीचे आवरण जोडापासून वीतभर दूर थोडेसे सोलावे. आतले तांबे लालसर चकाकते असेल तर चिंता नाही. तिथेही ते काळे पडलेले असेल तर पाणी तारांच्या मधून आत चढलेले आहे. अशा वायरीवर डागकाम (सोल्डरिंग) धरत नाही, एक जोड दुरुस्त केला की महिन्याभरात दुसरा बोलू लागतो, आणि पूर्ण हार्नेस बदलण्याचा खर्च या वयाच्या गाडीला परवडणारा नसतो.

मात्र पायाजवळचा ओला गालिचा म्हणजे पूरच, असेही लगेच धरू नये. पुढच्या काचेखालच्या जाळीतली निचऱ्याची भोके पाल्यापाचोळ्याने तुंबली, की पावसाचे पाणी आत उतरून फ्यूजबॉक्सपर्यंत पोहोचते. एसीची निचरा नळी तुंबली तरी डावीकडचा गालिचा भिजतो. ही दोन्ही कामे साध्या तारेने मोकळी होतात. बॉनेट उघडलेच आहे तर उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेली आवरणे यांकडेही पाहून घ्यावे. पावसाळ्यात उभ्या गाडीचे ऊबदार इंजिन त्यांना फार आवडते.

आपण चार आकडे घेऊन कळवावेत: सकाळचे बॅटरीचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज, सगळे दिवे आणि ब्लोअर लावून नुसत्या उभ्या चालू गाडीतले व्होल्टेज, आणि पाऊण तासानंतरचा उभ्या गाडीतला प्रवाह. त्यासोबत बॅटरी किती अँपिअर-तासांची आहे, रोजचे अंतर किती, आणि नंतर बसवलेल्या कोणकोणत्या वस्तू सापडल्या तेही लिहावे. डायनमोचे पैसे देण्याआधी हे हाती आले तर पुढे कुठे पाहायचे ते मी नेमके सांगू शकेन.